खाऊनही वाळत गेलेली शेळी: एका घरगुती कळपातलं जोन्स आजाराचं प्रकरण

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम भागातलं गाव. निवृत्त शिक्षक नवरा-बायको, घरामागे चार गुंठ्यांची मोकळी जागा आणि त्यात पाच शेळ्या. सगळं गाव त्यांना बाई आणि सर म्हणतं, म्हणून इथेही तेच. या शेळ्या धंद्यासाठी पाळलेल्या नाहीत. खाटकाला द्यायच्या नाहीत हा बाईंचा नियम, दूध घरापुरतं, करडं जास्त झाली तर ओळखीतल्या कुणाला तरी पाळायला द्यायची. पुढचे सगळे निर्णय याच नियमाभोवती फिरले, म्हणून तो आधी सांगितला. पन्नास शेळ्यांच्या फार्मवर हेच प्रकरण वेगळ्या वाटेनं गेलं असतं.

कळपात थोरल्या दोघी. चांदी उस्मानाबादी वळणाची, काळी, कान पांढरे, वय चारच्या आसपास. सोनी संगमनेरी, तिच्याहून थोडी मोठी. दोघी पाटी (लहान माद्या) असताना एकाच आठवडी बाजारातून आणलेल्या. राणी ही चांदीची पहिल्या वेताची लेक, दोन वर्षांची, नुकतीच गाभण. भीम हा सोनीचा खच्ची केलेला बोकड, दीड वर्षाचा. आणि ठमी, चांदीच्या शेवटच्या वेताची पाट, सात महिन्यांची. सगळ्यांना एकच शेड, एकच गव्हाण. पीपीआर (शेळ्यांचा प्लेग) आणि आंत्रविषाराच्या लसी वेळेवर झालेल्या. चारा उत्तम: शेवरी, सुबाभूळ, हादगा, कडबा, सकाळ-संध्याकाळ मूठभर मक्याचा भरडा.

तक्रार

श्रावणात बाईंनी चांदी दाखवली. त्यांचं म्हणणं एका वाक्याचं होतं: "डॉक्टर, ही खाते सगळ्यांत जास्त आणि वाळते सगळ्यांत जास्त."

ठमीच्या वेळी व्याल्यापासून ती उतरत गेली होती. व्यायच्या आधी वजन 36 किलो, आता 26. केस राठ, पाठीचा कणा बोटांना टोचत होता, अंगावरचं मांस पाचांत जेमतेम दीडच्या दर्जाचं. ताप नाही, 102.4 अंश. रवंथ चालू, दात ठीक, खोकला नाही. आणि लेंड्या अगदी नेहमीच्या, सुट्या, कडक. जबड्याखाली अजून सूज नव्हती. खालची पापणी ओढून पाहिली तर रंग फिका, पापणीच्या रंगावरून रक्तक्षय ओळखायच्या फमाचा तक्त्यावर पाचांपैकी चौथ्या घरातला.

तोपर्यंत तिला औषधाच्या दुकानातून तीन वेगवेगळी जंतनाशकं, लिव्हर टॉनिक आणि बी-कॉम्प्लेक्सची इंजेक्शनं देऊन झाली होती. जंतनाशकं वजन न करता, अंदाजानं. कुणी काय दिलं याची चिठ्ठी नव्हती. यात वेगळं काहीच नाही. वाळलेली शेळी आमच्याकडे येते तेव्हा बहुधा याच वाटेनं येते.

पहिली दिशा: जंत

पावसाळ्यात फिकी पडलेली, वाळलेली शेळी पाहिली की पहिलं नाव हिमोंकसचं घ्यायचं, आणि ते बरोबरच आहे. जठराच्या चौथ्या कप्प्यात राहून रक्त पिणारा हा जंत महाराष्ट्रात पावसाळ्यात जोरात असतो. लेंड्यांची मोजणी केली तर ग्रॅममागे 1800 अंडी निघाली. आकडा मोठा आहे, चांदीची फिकी पापणी त्यात बसते, आणि प्रकरण इथेच मिटलं असं कुणालाही वाटलं असतं.

आधीच्या औषधांचा परिणाम का दिसला नाही, याचं उत्तर बहुधा मात्रेत होतं. शेळीचं यकृत बरीच जंतनाशकं मेंढीपेक्षा लवकर निकामी करतं, त्यामुळे मेंढीच्या मापानं दिलेली मात्रा शेळीला अपुरी पडते. या वेळी वजनकाट्यावर वजन करून लेव्हामिसोल दिलं. त्यात मोकळीक कमी असते, जास्त झालं तर लाळ गळते, थरथर सुटते, म्हणून वजन पक्कं हवं. पंधरवड्यानं मोजणी पुन्हा केली. अंडी ग्रॅममागे 50 वर आली होती.

पहिला निर्णयाचा मुद्दा: औषध लागू पडलं, शेळी नाही

इथे थोडं थांबून बघण्यासारखं आहे. औषधानं काम चोख केलं होतं. पापणीचा रंग थोडा सुधारला, पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण, 16 वरून 21 टक्क्यांवर आला. निरोगी शेळीत तो साधारण 22 ते 38 असतो, म्हणजे रक्त जवळपास जागेवर यायला लागलं होतं. पण वजन त्याच काळात आणखी दीड किलोनं घटलं. आणि एका सकाळी जबड्याखाली मऊ, पाण्यासारखी सूज आली.

जबड्याखालची सूज म्हटलं की पुन्हा जंत, पुन्हा जंतनाशक, ही आपल्याकडची सवय. खरं तर ती सूज एवढंच सांगते की रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन खाली गेलंय. ते जंतांनी गेलं की आणखी कशानं, हे ती सांगत नाही. जंत गेल्यावर, रक्त भरून येत असताना जर सूज नव्यानं येत असेल, तर जंत हे त्या शेळीच्या दोन आजारांपैकी एक होते आणि दुसरा अजून तिथेच आहे.

बाईंचे शेजारी म्हणाले, अजून एक डोस मारा. सर म्हणाले, बाजार दाखवा. दोन्ही सल्ले बाजूला ठेवून रक्त तपासायचं ठरलं.

अल्ब्युमिन कुठे जातंय?

एकूण प्रथिनं डेसिलिटरमागे 4.3 ग्रॅम, अल्ब्युमिन 1.4. निरोगी शेळीत अल्ब्युमिन साधारण 2.7 च्या वर असतं. ते एवढं खाली जायला मोजकीच कारणं असतात: शेळी खात नाही, यकृत बनवत नाही, किंवा बनलेलं कुठून तरी गळतंय.

खात नाही, हे बाईंनी पहिल्याच वाक्यात खोडलं होतं. यकृतासाठी एन्झाइम पाहिले, ते ठीक होते. आणि लेंड्या पाण्यात बसवून यकृतातल्या चपट्या कृमीची अंडी शोधली, नव्हती. हा भाग ओढ्याकाठचा, गोगलगायींचा, त्यामुळे ती शंका फेडणं गरजेचं होतं. मूत्रपिंडातून प्रथिनं जातात का, यासाठी माणसांच्या लघवीची साधी पट्टी वापरली. शेळी उठून उभी राहिली की बहुतेक वेळा लगेच लघवी करते, म्हणून पहाटे शेडमध्ये वाटी घेऊन उभं राहायचं काम सरांनी केलं. पट्टीवर प्रथिनं नव्हती.

उरलं आतडं. हगवण नसताना आतड्यातून प्रथिनं गळत असतील यावर सरांचा विश्वास बसेना. आतड्यातून प्रथिनं गाळणारा जोन्स आजार गाईत पिचकारीसारख्या हगवणीनं ओळखला जातो आणि लोकांच्या मनात तेच चित्र असतं. शेळीत बहुधा तसं होत नाही. अगदी शेवटच्या टप्प्यापर्यंत लेंडी सुटी राहू शकते, फार तर मऊ होते, चिकटून गोळा होते. हगवणीची वाट पाहत बसलं तर निदान शेळी मरायच्या आठवड्यात होतं.

जोन्स आजाराबद्दल थोडं

मायकोबॅक्टेरियम एव्हियम पॅराट्यूबरक्युलोसिस हा जिवाणू क्षयाच्या जिवाणूच्या गोतातला. 1895 मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये योहने आणि फ्रॉथिंगहॅम यांनी गाईच्या आतड्यात तो पहिल्यांदा दाखवला; योहने (Johne) यांच्यावरून 'जोन्स' (Johne's) हे नाव पडलं. करडू लहान असताना, बहुतेक वेळा पहिल्या काही आठवड्यांत, लेंड्यांनी माखलेल्या सडातून, चिकातून, दुधातून तो पोटात जातो. गाभण शेळीचा आजार पुढे गेलेला असेल तर गर्भातही. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात तो संरक्षक पेशींच्या आतच मुक्काम करतो. वर्षभर, दोन-तीन वर्षं काहीच दिसत नाही. मग एखाद्या वेतानंतर शेळी उतरायला लागते. आतड्याची भिंत दाहपेशींनी भरून जाते, अन्नरस शोषला जात नाही आणि अल्ब्युमिन उलट आतड्यात झिरपतं. म्हणून शेळी खाते आणि वाळते.

चांदीचं वय, वेतानंतरची घसरण, टिकून असलेली भूक आणि अल्ब्युमिनची गळती हे सगळं यात बसत होतं. तरी आतल्या गाठींचा आजार, म्हणजे कोरिनेबॅक्टेरियम या जिवाणूमुळे छातीत किंवा पोटात होणारे पुवाचे गोळे, ही दुसरी मोठी शंका होती. सोनीच्या कानाखाली दोन वर्षांपूर्वी एक गाठ फुटून घट्ट, पेस्टसारखा पू आला होता. पण नुसत्या गाठींनी अल्ब्युमिन इतकं खाली गेलेलं मी क्वचितच पाहिलंय.

निदान

लेंडीचा पातळ थर काचेवर घेऊन झील-नील्सन पद्धतीनं रंगवला; क्षयाच्या गोतातले जिवाणू यात गुलाबी दिसतात. काही सापडलं नाही. या तपासणीत नकाराला फारशी किंमत नसते, जिवाणू कधी पडतात कधी नाहीत. मग गुदाशयाच्या आतल्या अस्तराचं हलकं खरवडण घेतलं. त्यात गुलाबी, आखूड काड्यांचे दोन-तीन पुंजके दिसले. एकटी-दुकटी काडी असती तर तिच्यावर भरवसा ठेवला नसता, माती-चाऱ्यातूनही तसे निरुपद्रवी जिवाणू येतात. पुंजके वेगळे.

पक्कं करण्यासाठी रक्ताची एलायझा (जिवाणूविरुद्ध अंगात तयार झालेली प्रतिपिंडं शोधणारी) आणि लेंडीची पीसीआर (जिवाणूचा डीएनए शोधणारी) पाठवली. आपल्या भागातल्या पशुपालकांसाठी सांगतो: पुण्यात औंधला राज्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. नमुने तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत, कुठली तपासणी कुठे होते हे आधी विचारून पाठवावेत. जिवाणू वाढवून पाहण्याची तपासणी सर्वांत खात्रीची मानतात, पण तिला तीन-चार महिने लागतात. तेवढा वेळ चांदीकडे नव्हता.

एलायझा ठळक पॉझिटिव्ह. पीसीआर पॉझिटिव्ह. आता शंका उरली नाही.

पर्याय

चांदीसाठी चार वाटा होत्या आणि त्या बाई-सरांसमोर एकाच बैठकीत मांडल्या.

विकणं. गावातल्या बहुतेकांनी हेच सुचवलं. पण वाळलेली शेळी बाजारात घेणारा दोघांपैकी एक असतो: खाटीक, किंवा स्वस्तात घेऊन पोसून वर काढू म्हणणारा गरीब माणूस. दुसऱ्याच्या दारात ती गेली तर आजार त्याच्या करडांत गेला. चांदी आपल्याकडेही बहुधा अशीच आली होती. सिद्ध करता येणार नाही, पण दुसरं काही सुचत नाही. बाईंनी ही वाट ऐकूनही घेतली नाही.

औषध. सरांनी नेटवर वाचलं होतं की रिफाम्पिसिन, आयसोनियाझिड आणि क्लोफाझिमिन देऊन काही पाळीव शेळ्या सावरल्या. ते खोटं नाही. क्षय आणि कुष्ठरोगाची ही औषधं महिनोन्‌महिने दिली तर काही शेळ्यांत वजन सावरतं. पण आजार जात नाही, औषध थांबलं की बहुधा परत उसळतो, आणि वरून बरी दिसणारी शेळी लेंडीतून जिवाणू टाकत राहू शकते. म्हणजे अंगावर मांस आलेली, पण शेडभर आजार पसरवणारी शेळी. शिवाय रोज गोळ्या पाजणं, नारिंगी लघवी, दूध कायमचं बाद, आणि माणसांच्या क्षयाची औषधं जनावरात अर्धवट वापरण्याचा प्रश्न. एकटीच शेळी असलेल्या घरी, जिथे दुसरं करडू कधी येणार नाही, तिथे मी ही वाट निदान चर्चेला घेतली असती. इथे गाभण लेक आणि सात महिन्यांची पाट होती.

वेगळं ठेवून, दुखणं न वाढू देता सांभाळणं. आणि शेवटची वाट, भूल देऊन शांतपणे मरू देणं आणि शवविच्छेदन करणं.

बाईंचा प्रश्न होता, "ती आत्ता हाल काढतेय का?" खरं उत्तर असं की चांदी अशक्त होती, पण पाला दिसला की उठत होती. म्हणून ठरलं: आजच वेगळं करायचं, उतारावर खालच्या बाजूला, म्हणजे पावसाचं पाणी तिच्याकडून बाकीच्यांकडे वाहणार नाही. खाणं सोडलं, उठेना झाली किंवा हगवण लागली, तर ती वेळ समजायची. ही लक्षणं आधीच कागदावर लिहून घेतली. नंतर रोज सकाळी भावनेच्या भरात ठरवावं लागलं नाही, याचा दोघांनाही उपयोग झाला असं बाई म्हणाल्या.

चांदीचा शेवट

दिवाळीनंतर चांदीची लेंडी लापशीसारखी झाली आणि दोन दिवसांत तिनं शेवरीकडेही तोंड फिरवलं. ठरल्याप्रमाणे केलं.

शवविच्छेदनात लहान आतड्याचा शेवटचा भाग किंचित जाड होता, गाईत दिसतात तशा ठळक वळ्या नव्हत्या. नुसत्या डोळ्यांनी घाईत पाहिलं तर सुटून जावं असं. पण आतड्याजवळच्या रसग्रंथी फुगलेल्या, काहींत खडूसारखे पांढरे ठिपके. आतड्याच्या बाहेरून रसवाहिन्या दोरीसारख्या उठून दिसत होत्या. ठिपक्यांमुळे क्षयाचीही शंका येते, म्हणून फुप्फुसं नीट चिरून पाहिली, ती स्वच्छ होती. आतडं आणि ग्रंथींचे तुकडे फॉर्मॅलिनमधून पाठवले; अहवालात ग्रॅन्युलोमाचा (दाहपेशींच्या गाठींचा) दाह आणि भरपूर आम्लस्थायी, म्हणजे झील-नील्सनमध्ये गुलाबी दिसणारे जिवाणू. चुना टाकून खोल पुरलं. भुलीच्या औषधाचा अंश देहात राहतो, कुत्र्यांनी उकरला तर त्यांनाही बाधतो, त्यामुळे खोली महत्त्वाची.

दुसरा निर्णयाचा मुद्दा: उरलेल्या चौघांच्या तपासण्या

हा भाग मला चांदीच्या निदानापेक्षा अवघड वाटतो. आजारी शेळीत तपासणी काय सांगते ते सरळ असतं. धडधाकट दिसणाऱ्या शेळीत तोच कागद दोन्ही बाजूंनी फसवू शकतो. चौघांचे नमुने चांदीच्या निदानानंतर लगेच घेतले होते. निकाल असे:

सोनी: एलायझा संशयास्पद, पीसीआर निगेटिव्ह.
राणी: एलायझा निगेटिव्ह, पीसीआर पॉझिटिव्ह.
भीम: दोन्ही निगेटिव्ह.
ठमी: दोन्ही निगेटिव्ह.

सरळ वाचलं तर सोनी आणि राणी बाद, भीम आणि ठमी पास. आम्ही तसं वाचलं नाही.

सोनीला कानाखालच्या गाठीचा आजार होऊन गेला होता. तो जिवाणू अंगात राहिलेल्या शेळ्यांत जोन्सची एलायझा खोटी वर जाऊ शकते. सोनी अंगानं भरलेली, कधीच उतरलेली नव्हती. तिला संशयाचा फायदा दिला आणि पुन्हा तपासायचं ठरवलं.

राणीच्या निकालाचाही दुसरा अर्थ होऊ शकत होता. चांदीसारखी शेळी रोज जिवाणू टाकत असेल तर त्याच गव्हाणीतून खाणाऱ्या शेळीच्या पोटात ते जातात आणि तसेच लेंडीतून बाहेर पडतात. तिला आजार नसतानाही पीसीआर पॉझिटिव्ह येते. म्हणून राणीला जुन्या शेडमधून काढून नव्या, कधीच शेळ्या न बांधलेल्या जागेत नेलं आणि काही आठवड्यांनी पुन्हा नमुना घेतला. तो परत पॉझिटिव्ह आला. आता तो दुसरा अर्थ संपला. राणी स्वतः जिवाणू टाकत होती. चांदीच्या पोटी जन्मून, तिचंच दूध पिऊन वाढलेल्या लेकीत हे निघणं अनपेक्षित नव्हतं.

आणि ठमी. तिच्या निगेटिव्हला त्या वयात जवळपास काहीच अर्थ नव्हता. आजार सगळ्यांत वाढलेला असताना चांदीनं तिला पाजलं होतं, म्हणजे खरी जोखीम तिचीच. पण सात महिन्यांच्या पाटीत ना प्रतिपिंडं वाढलेली असतात, ना लेंडीत जिवाणू सापडतात. सर या निकालानं खूश झाले होते. त्यांना समजावणं हे त्या महिन्यातलं सर्वांत कठीण काम होतं.

राणीचं बाळंतपण

राणीचं पोट वाढत होतं आणि प्रश्न होता करडांचा. ठरवलेली रीत अशी: करडू जमिनीला लागायच्या आत स्वच्छ गोणपाटावर घ्यायचं, राणीला चाटू द्यायचं नाही, तिचा चीक एक थेंबही नाही. दुसरी दुभती शेळी घरात नव्हती, म्हणून शेजारच्या गाईचा चीक आधीच गोठवून ठेवला. गाईतही हा आजार असतो, त्यामुळे तो 60 अंशांवर तासभर धरून वापरला. पातेल्यात पाणी, त्यात चिकाचं भांडं, हातात थर्मामीटर. तापमान याहून वर गेलं की चिकाचा खरवस होतो आणि खाली गेलं की जिवाणू मरत नाहीत. पहिल्या दोन तासांत किलोमागे 50 मिली. पुढे उकळून कोमट केलेलं दूध, बाटलीनं.

जानेवारीत एक पाट आणि एक बोकड झाला. बाईंनी दोघांना पडवीत वाढवलं. राणीच्या डोळ्यांसमोरून पिल्लं नेणं बाईंना फार जड गेलं, आणि राणी चार-पाच दिवस ओरडत होती. हे लिहिण्याचं कारण असं की कागदावर ही रीत सोपी दिसते आणि बहुतेक घरांत ती याच चार-पाच दिवसांत मोडते.

तिसरा निर्णयाचा मुद्दा: राणीची सोबत

राणीला मारायला बाई तयार नव्हत्या, आणि ती तेव्हा ठणठणीत होती. ती कायमची वेगळी, पुन्हा गाभण करायची नाही, दूध घरात नाही, एवढं ठरलं. पण एकटी शेळी म्हणजे झुरणारी शेळी. ती खाणं सोडते, आणि अशा आजारात तोच ताण लक्षणं बाहेर काढतो.

मग भीमला तिच्याकडे दिलं. पुस्तकी शिस्तीत हे बसत नाही. निगेटिव्ह जनावर पॉझिटिव्हजवळ ठेवायचं कशाला, असं एका सहकाऱ्यानं विचारलंच. विचार असा होता: लागण मुख्यतः कोवळ्या वयात होते, मोठ्या जनावराला ती लागायला बरेच जास्त जिवाणू लागतात. भीम मोठा झालेला. तो खच्ची, त्याच्यापासून करडं होणार नाहीत, आणि तो पुन्हा मुख्य कळपात जाणार नाही. जोखीम आहे, पण ती भीमपाशीच थांबते. धंद्याच्या कळपात मी हे केलं नसतं.

जागा, खत, दूध

जुन्या शेडमधली वरची वीतभर माती काढली, जागा उन्हाला उघडी ठेवली, चुना मारला. सावलीतल्या ओलसर मातीत हा जिवाणू वर्षभरही टिकू शकतो, नेहमीचं फिनाइल शिंपडून भागत नाही. गव्हाण आणि पाण्याची टाकी गुडघ्याच्या वर उचलली, जेणेकरून लेंड्या पडणार नाहीत. लेंडीखत आजवर शेवरीच्या ओळींना जात होतं, म्हणजे ज्या पाल्यावर शेळ्या जगतात त्याच्याच मुळाशी. ते आता फक्त आंब्या-नारळांना.

घरात लहान नातू होता म्हणून बाईंनी माणसांचं विचारलं. माणसांतल्या क्रोन्स या आतड्याच्या आजाराशी या जिवाणूचा संबंध आहे का, यावर अनेक वर्षं वाद चालू आहे आणि निकाल लागलेला नाही. संशयित शेळीचं दूध बाद, बाकीचं उकळूनच, नातवानं शेडमधून आल्यावर साबणानं हात धुवायचे. भीती घालावी असं याहून जास्त काही नव्हतं.

लसीचाही विचार झाला. मथुरेजवळच्या मखदूम इथल्या केंद्रीय शेळी संशोधन संस्थेनं भारतातल्याच जिवाणूच्या वाणापासून लस तयार केली आहे. मोठ्या, आधीच लागण झालेल्या कळपात ती कामाची. पण लस दिली की पुढे एलायझा पॉझिटिव्ह येऊ लागते, लागण आणि लस यांतला फरक कळत नाही. इथे चार-पाच जनावरं, आणि तपासणीवरच सगळी मदार. म्हणून नाही दिली.

वेगळं काय करता आलं असतं

चांदीचं वजन ती व्याल्यापासून दर महिन्याला घेतलं गेलं असतं तर घसरण उन्हाळ्यातच दिसली असती. काटा नसला तरी छातीच्या घेराची दोरी पुरते. वजनाशिवाय दिलेल्या तीन जंतनाशकांनी जंतही गेले नाहीत आणि तीन-चार महिनेही गेले. त्या काळात ठमी तिला पीत होती. निदान उशिरा झाल्याचं खरं मोल चांदीनं नाही, ठमीनं मोजलं असण्याची शक्यता जास्त आहे.

अल्ब्युमिन पहिल्याच भेटीत पीसीव्हीसोबत तपासता येतं. मोठ्या शेळीत, तक्रार "खाते आणि वाळते" अशी असेल तेव्हा दोन्ही नमुने एकदम घ्यावेत.

चांदी आणि सोनी विकत घेताना विकणाऱ्याच्या गोठ्यात जाता आलं असतं तर? आठवडी बाजारात ती सोय नसते. पण घरून घेत असाल तर पाट बघण्याआधी तिची आई बघा, आणि गोठ्यात मोठ्या, वाळलेल्या शेळ्या किती आहेत ते बघा. विकायला काढलेली पाट गुटगुटीतच असते.

भीमबद्दलचा निर्णय चुकीचा ठरेल का, ते अजून सांगता येत नाही. दुसरा उपाय होता, राणीला जाळीच्या पलीकडे, दिसतील पण शिवता येणार नाहीत अशा अंतरावर ठेवणं. जागा असती तर तोच आधी करून पाहावा.

सध्याची स्थिती

पुढच्या श्रावणापर्यंतची गोष्ट ही. राणी व्याल्यानंतर थोडी उतरली, अल्ब्युमिन 2.3 वर आहे, खाते-पिते, लेंडी बांधीव. तिच्यासाठीही तसाच लक्षणांचा कागद लिहून भिंतीला लावलाय. सोनीची एलायझा पुन्हा तशीच संशयास्पद, पीसीआर पुन्हा निगेटिव्ह. ती कळपात आहे. भीम निगेटिव्ह. ठमी दीड वर्षाची झाली, या वेळच्या दोन्ही तपासण्या निगेटिव्ह आल्या. तरी तिला अजून बोकड दाखवलेला नाही, आणि राणीच्या दोन्ही करडांपासून ती वेगळीच बांधली जाते. करडांचे पहिले नमुने ती वर्षाची झाल्यावर घ्यायचे, पुढे दर सहा महिन्यांनी. शेजारच्या गावातून पाट पाळायला मागणारे दोन-तीन जण येऊन गेले. बाईंनी सगळ्यांना कारण सांगून परत पाठवलं.